रक्त निळं नसतं, आणि अशुद्धही नसतं

गेल्या पंधरा दिवसांत आमच्या भागातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या बहुतेक सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरते आहे. मानवी शरीराबद्दल पंचवीस ओळी, आणि वर सूचना : मुलांकडून पाठ करून घ्या. मी शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिकला शिकवते. सोमवारी परिपाठात माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी ती घडाघडा म्हणून दाखवली. त्यातल्या बऱ्याच ओळी बरोबर आहेत. दुधाचे दात 20, कायमचे 32, सगळ्यात मोठा अवयव त्वचा, हे सगळं ठीक. पण सात ओळी चुकीच्या किंवा अर्धवट आहेत, आणि या वयात पाठ झालेलं म्हातारपणापर्यंत डोक्यातून जात नाही. म्हणून त्या सातांबद्दल लिहिते.

‘गोड चव जिभेच्या टोकाला कळते, खारट-आंबट कडांना आणि कडू मागे.’ जिभेचं हे चित्र आम्हीही वहीत काढलं, रंगवलं, त्यावर गुण मिळवले. 1901 मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता मोजली होती. त्याला फरक दिसला, पण अगदी थोडा. पुढे 1942 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात तोच फरक आलेखात असा मांडला गेला की वाचणाऱ्याला वाटावं, टोकाला कडू कळतच नाही. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजून पाहिलं, तेव्हा सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या भागांवर कळतात हेच दिसलं.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मंगळवारी चौथीच्या मुलांसमोर चार वाट्या ठेवल्या : साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस. प्रत्येकाला कापसाची नवी काडी. आधी चूळ भरायची, जीभ पुसायची, मग काडी फक्त टोकाला लावायची आणि जीभ आत न घेता हाताने खूण करायची. पहिल्या मुलीने कारल्याची काडी टोकाला लावली आणि डोळे घट्ट मिटून दोन्ही हात हलवले. मागच्या बाकावरचा मुलगा तिथूनच ओरडला, “मॅडम, यादी खोटी!”

त्याच यादीत तिखट ही एक चव म्हणून दिली आहे. ठेचा आणि शेवभाजी खाणाऱ्या मुलखात हे पटायला जड जाईल, पण रुचिकलिकांच्या हिशेबात तिखट ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन, ज्या चेतातंतूंना चटका कळतो त्यांनाच चाळवतं, म्हणून तोंड ‘भाजतं’. मिरच्या कुटल्यावर हात जळतात ना? हाताला कुठे चव कळते! चेतातंतूंवरचा उष्णता ओळखणारा हा संवेदक शोधल्याबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. विज्ञानाने मानलेली पाचवी चव आहे उमामी. टोमॅटोत असते ती. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ती 1908 मध्ये ओळखली. आयुर्वेदातल्या षड्रसांत तिखट आणि तुरट येतात, पण ते वर्गीकरण वेगळ्या हेतूने केलेलं आहे. दोन्ही वर्गीकरणं मुलांना सांगावीत, पण एकमेकांत मिसळू नयेत.

‘शिंकताना हृदय थांबतं.’ थांबत नाही. शिंकेच्या वेळी छातीतला दाब बदलतो आणि एखादा ठोका जरा मागेपुढे होतो, इतकंच.

‘माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो.’ ही ओळ मला सर्वात जास्त खटकते, कारण तिच्यावर धंदा उभा आहे. ‘उरलेला 90 टक्के मेंदू जागा करू’ म्हणणारे क्लास तालुक्याच्या गावी येतात, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावतात आणि फी घेतात. आमच्या गावातल्या एका पालकाने कापसाचे पैसे हातात आल्या आल्या त्यातले अशा क्लासला भरले. मुलगी पट्टीच्या खालून, नाकाच्या कडेने बघून वाचत होती. तिनेच मला नंतर रडत सांगितलं.

मेंदूचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो, म्हणजे मोठ्या माणसाच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळपास 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. नव्वद टक्के रिकाम्या बसलेल्या अवयवाला शरीर इतकं कशाला पोसेल? दुसरं म्हणजे, लकवा झालेला माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. मेंदूच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हात लुळा पडतो, नाहीतर बोलणं जातं. रिकामा भाग असता तर तिथे इजा होऊन काहीच बिघडलं नसतं. सगळे भाग एकाच क्षणी सारखे काम करत नाहीत हे खरं, पण बिनकामाचा भाग मेंदूत नाही. झोपेतही तो चालूच असतो.

‘दातात किडे होतात, ते दात पोखरतात.’ आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडाला धुरी देतात, आणि मग पाण्यात पडलेले पांढरे किडे दाखवतात. युरोपातही शेकडो वर्षं खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी द्यायचे. तिथे तपासणाऱ्यांना कळलं की पांढरं पडतं ते उष्णतेने फुटलेल्या बियांमधले वाकडे कोंब आहेत. ही दोन्ही झाडं आपल्या भरताच्या वांग्याच्याच कुळातली. कोणाचंही तोंड मध्ये न आणता त्याच बियांची धुरी नुसती पाण्याच्या परातीवर धरून बघा, ‘किडे’ तिथेही पडतील का ते. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 मध्येच लिहून ठेवलं की किडलेल्या दातांत त्यांना किडे सापडले नाहीत. दात पोखरतं ते आम्ल. दातांवर चिकटलेले जिवाणू साखर खातात आणि ते आम्ल सोडतात. म्हणून रात्री बिस्किट खाऊन तसंच झोपणाऱ्या मुलाचे दात आधी जातात. ‘दात किडला’ हा शब्द वापरायला हरकत नाही, फक्त किडा शोधत बसू नये.

‘शरीरात 206 हाडे असतात.’ मोठ्यांसाठी बरोबर, पण ही ओळ पाठ करणाऱ्या मुलाच्या घरी पाळण्यात भावंड असेल तर त्याच्यासाठी नाही. जन्मतः हाडांचे सुटे भाग 270 ते 300 च्या आसपास असतात आणि वाढताना ते जुळत जातात. मी हे सांगत असताना नातवाला शाळेत सोडायला आलेली एक आजी दाराशी थांबून ऐकत होती. ती म्हणाली, “मॅडम, तेल नही घालं तं टाळू कशी भरी?” टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळायची आहेत ती जागा. तिथे हात ठेवला तर खाली ठोका लागतो, हे आजीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. हाडं कडेकडेने वाढत जातात आणि साधारण दीड वर्षापर्यंत, कधी दोन वर्षांपर्यंत, ती फट बुजते. तेल न लावलेल्या बाळाचीही बुजते. तेल लावताना आजीचा हात रोज डोक्यावरून फिरतो ही चांगलीच गोष्ट आहे. टाळू अचानक खोल गेलेली किंवा फुगलेली त्याच हाताला आधी कळते, आणि तेव्हा मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

आता यादीतली तिसरी ओळ, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली : ‘शिरांमधून निळे, अशुद्ध रक्त वाहते.’

निळं नाही हे सहज दाखवता येतं. दवाखान्यात तपासणीला रक्त काढतात ते शिरेतूनच, आणि सुईच्या नळीत ते गडद लाल दिसतं. हातावरची शीर निळसर दिसते ती कातडीतून प्रकाश ज्या तऱ्हेने परत येतो त्यामुळे. पुस्तकातला निळा रंग फक्त ओळखायला सोपं जावं म्हणून. निळसर रक्त असतं ते खेकड्याचं. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं.

‘अशुद्ध’ हा शब्द मात्र नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाही. शरीर आरामात असताना शिरेतून परत येणाऱ्या रक्तात अजून 70 टक्क्यांच्या वरच ऑक्सिजन शिल्लक असतो. त्यात घाण काही नसते, ते फक्त फुप्फुसाकडे निघालेलं रक्त आहे. ‘ऑक्सिजन कमी असलेलं रक्त’ एवढं म्हटलं की पुरे.

माझ्या वर्गात सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार असलेला एक मुलगा आहे. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. सोमवारी परिपाठ झाल्यावर मधल्या सुट्टीत एकजण त्याला म्हणाला, “याचंच रक्त अशुद्ध आहे, म्हणून हा आजारी पडतो.” तो डबा न उघडता बसून राहिला.

मग तास गणिताचा होता, पण मी रक्त शिकवलं. फळ्यावर गोल भाकरीसारख्या तांबड्या पेशी काढल्या, शेजारी विळ्यासारख्या वाकलेल्या. गोल पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्यासारखी 10 ते 20 दिवसच. म्हणून रक्त कमी पडतं. वाकलेल्या पेशी बारीक नळीत अडकतात, म्हणून हातपाय ठणकतात. हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवण्याने होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांतही या आजाराचा दोष लपलेला असला, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता असते, आणि वाहक माणसाला स्वतःला सहसा काही त्रासही नसतो. कोणाच्या पापाचा, शापाचा इथे संबंध नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून याच आजाराची राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. सुरुवातीच्या तपासणीला रक्ताचा एक थेंब पुरतो. ज्या गावांत लोक ‘अशुद्ध रक्त’ या शब्दाला घाबरून तो थेंब द्यायला पुढे येत नाहीत, तिथे आपण शिक्षकांनीच तो शब्द मुलांच्या तोंडी घालायचा?

पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार दमणूक झाली की या मुलांचं दुखणं उसळतं. शिवाय त्यांच्या मूत्रपिंडांना पाणी नीट राखता येत नाही, म्हणून त्यांना तहान जास्त लागते आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. हे सांगितल्यावर सोमवारी चिडवणारा मुलगाच उठला आणि त्याची बाटली भरून घेऊन आला. आता ती बाटली दप्तरात नाही, बाकावर असते. आणि बाहेर जायचं असेल तर त्याने मला विचारायचं नाही, नुसतं उठून जायचं, असं ठरलं आहे.