बाळंतिणीचा आशीर्वाद परत हवा, विटाळ वगळून

लेक बाळंत होऊन तीन आठवडे झाले. बडोद्याच्या फतेहगंजमधल्या आमच्या घराला सध्या सुंठ-डिंकाचा वास आहे. शेजारच्या गुजराती बेन काटलुं, म्हणजे त्यांच्यातलं बाळंतिणीचं गोड, देऊन गेल्या, दांडिया बाजारातल्या काकू अळिवाचे लाडू. "सव्वा महिना झाला की हिची ओटी भरू," असंही काकूंनी सांगून टाकलं. मी लगेच हो म्हटलं. कॅथलिक असलो म्हणून ओटीला नको म्हणण्याइतके आम्ही करंटे नाही.

काकू गेल्यावर लेक म्हणाली, "आई, आपल्यात असं काही नसतं का गं?"

असतं. म्हणजे होतं.

1964 साली, वसईत, मी चाळीस दिवसांची झाले तेव्हा माझी आई लाल लुगडं नेसून, पेटती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराशी गुडघ्यांवर बसली होती. माझा बाप्तिस्मा आधीच उरकला होता, पहिल्याच आठवड्यात. त्या काळी बाळं दगावत, म्हणून घाई. आई बाजेवर, आणि मला नेलं धर्ममातेने. त्यामुळे चाळिसावा दिवस आईचा एकटीचा. फादर दारापर्यंत आले, पवित्र पाणी शिंपडलं, 'पृथ्वी परमेश्वराची आहे' हे स्तोत्र म्हटलं आणि गळ्यातल्या स्टोलचं, त्या लांब पवित्र पट्ट्याचं, डावं टोक तिच्या हातात देऊन तिला वेदीपर्यंत नेलं. सगळं लॅटिनमध्ये. आईला ओ की ठो कळलं नाही. पण ते टोक हातात आलं ते ती मरेपर्यंत सांगायची. एरवी त्या वस्त्राला हात लावायची कुणाची टाप होती?

हा विधी 1614 च्या रोमन विधिग्रंथातला. प्रथा त्याहून कितीतरी जुनी. 'आत ये, धन्य कुमारी मारियेच्या पुत्राची आराधना कर, त्यानेच तुला हे मूल दिलं' अशा अर्थाचं फादर म्हणतात. पुढच्या प्रार्थनेत आहे की मारियेच्या प्रसूतीने देवाने बाळंतिणींच्या वेणांचा आनंद केला. विटाळाचं नावही नाही. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप ग्रेगरींच्या नावे इंग्लंडला गेलेल्या उत्तरात तर स्पष्ट आहे की प्रसूतीच्याच घटकेला बाई आभार मानायला चर्चमध्ये आली तरी तिला पाप नाही.

तरीही विटाळ चिकटलाच. चाळीस दिवसांचा हिशेब बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 12व्या अध्यायातला. तिथे मुलगा झाला तर चाळीस, मुलगी झाली तर ऐंशी! मारियासुद्धा नियमाप्रमाणे मंदिरात गेली, कोकरू परवडत नव्हतं म्हणून पारव्यांची जोडी घेऊन. 2 फेब्रुवारीला मेणबत्त्या आशीर्वादित होतात तो हाच सण. पण लोकांच्या तोंडी आभार मागे पडले आणि 'शुद्ध होऊन येणं' उरलं. सोयर फिटल्यासारखं. कुमारी मातेला तर दारही बंद, कारण जुन्या नियमाने हा मान लग्नातल्या बाळाच्या आईचाच.

चर्चचे विधी बदलायला लावणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 च्या नव्या बाप्तिस्मा विधीत आईचा आशीर्वाद शेवटाला जोडला गेला. आता बाप्तिस्म्याला आई-बाप दोघंही हजर, म्हणून हेतू चांगलाच. 1992 साली माझ्या वाट्याला तो आला तेव्हा लेक टाहो फोडत होती, फोटोवाला "बेन, जरा आ बाजू" करत होता, आणि गुजरातीतली ती दोन वाक्यं कधी संपली ते मला कळलंच नाही. लगेच बापाचा आशीर्वाद, मग सगळ्यांचा.

बाप्तिस्मा बाळाचा आहे, त्यात आईची बोळवण का? टाके पडलेली, रात्र रात्र जागलेली, कधी रिकाम्या हातांनी घरी आलेली बाई. तिच्यासाठी कुणीतरी दारापर्यंत चालत यावं, एवढंच मागणं आहे. विधी जुनाच हवा, लॅटिन नसलं तरी चालेल, आणि लग्नाचा दाखला कुणी मागू नये. ज्यांना यात बुरसटलेपणा दिसतो त्यांनी ती प्रार्थना एकदा वाचावी. आणि ज्यांना हा विधी 'पूर्वीसारखाच' हवा आहे, त्यांच्या हातात तो द्यायला मला भीती वाटते, हेही सांगून ठेवते.

रविवारी मिस्सेनंतर फादरना विचारलं. तरुण आहेत; त्यांनी हा विधी पुस्तकात पाहिलेला, कधी केलेला नाही. म्हणाले, "चालेल, आंटी. पण बाळ कोण घेणार?"

म्हटलं, जावई घेतील. हिचे दोन्ही हात मोकळे हवेत. एकात मेणबत्ती, दुसऱ्यात तुमचा स्टोल.