सुंदर दिसलं की संशय घ्यावा

चिकणमातीतले सूक्ष्म जीवाश्म शोधायचे, तर ती आधी खडखडीत वाळवायची. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवायची. तिचा राबडा झाला की ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढी भोकं असलेल्या चाळणीवर धारेखाली धुवायची, आणि धुवायची म्हणजे बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत. ढीगभर चिखलातून चिमूटभर वाळू उरते. ती वाळवून मायक्रोस्कोपखाली पसरली की कोट्यवधी वर्षांपूर्वीचे फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशीय समुद्री जीव) आणि ऑस्ट्रॅकॉड (शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारे, कोळंबीच्या गोतातले चिमुकले प्राणी) आपली वाट पाहत असतात, असं पुस्तकं सांगतात. तिथे बुरशीही वाट पाहत असते, हे पुस्तकं जरा उशिरा सांगतात.

पहिली गाठ बहुधा काळ्या गोळ्यांशी पडते. वाटोळे, कुळकुळीत, टणक, कधी आतून पोकळ. मिलिमीटरभराचा तो गोळा पाहून छातीत धडधडायला लागतं. प्राचीन बीजाणू? एखाद्या नामशेष माशाचा दात? मनातल्या मनात नव्या प्रजातीला आपलं नाव देऊनही होतं. पण बहुतेक वेळा तो असतो सेनोकॉकम नावाच्या बुरशीचा स्क्लेरोशियम. ही बुरशी झाडांच्या मुळांशी संधान बांधून राहते आणि अडीअडचणीच्या काळासाठी स्वतःच्या अशा कडक गाठी करून ठेवते. गाठी मारायच्या तिने, सोडवत बसायचं आपण.

यातून मी माझ्यापुरता एक नियम काढलाय: सुंदर दिसलं की संशय घ्यावा. जे खरोखर युगानुयुगं चिखलाखाली दबलंय, ते दबल्यासारखंच दिसतं. कडेचा टवका उडालेला, रंग विटलेला, पोटात गाळ नाहीतर पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज भरलेलं. उलट तकतकीत, अर्धपारदर्शक, वर केसबिस शाबूत असलेलं काही समोर आलं, की तो मामला कालपरवाचा. पॉलिश केल्यासारखा बदामी रंगाचा देखणा नमुना ओरिबॅटिड जातीचा माइट, म्हणजे मातीतला आठ पायांचा बारीक जीव निघतो. त्यातला एखादा जिवंत असला तर फारच सज्जन म्हणायचा. वाद न घालता ट्रेमधून आपल्या पायांनी चालत निघून जातो. आणि अगदी अचूक षटकोन सापडला, तर आरडाओरडा करण्याआधी घरात कुणी चमकी वापरली होती का, ते विचारून घ्यावं.

शंका फेडायला कसोट्या आहेत, पण त्यांचा स्वभाव विचित्र आहे. तापलेली सुई टेकवली की बुरशी आणि किड्यांची अंडी धूर सोडतात, जळका वास येतो. इथपर्यंत ठीक. कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचं कवच ओळखायला मात्र सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसलं तर कवच कॅल्साइटचं! फक्त तोवर ते विरघळून गेलेलं असतं. तोतया कण त्याच थेंबात निवांत डुंबत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही संन्याशाने खरं बोलल्याबद्दल. त्यात गांडुळांची तऱ्हा आणखी निराळी. काही गांडुळं शरीरातल्या ग्रंथींमधून कॅल्साइटचे बारीक खडे तयार करून मातीत सोडतात, आणि ते खडेही तितक्याच उत्साहाने फसफसतात. आम्लाच्या लेखी पुरातन समुद्रातला जीव आणि मागच्या पावसातलं गांडूळ, दोघंही सारखेच.

अशा वेळी मला एकोणिसाव्या शतकातले नामांकित ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली आठवतात आणि जरा धीर येतो. १८५७ साली अटलांटिकच्या तळातून काढलेला चिखल त्यांनी १८६८ साली पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतला. त्यात त्यांना जेलीसारखा एक आद्य जीव दिसला. ‘बॅथिबियस’ असं त्याचं रीतसर बारसंही झालं. पुढे समुद्रसंशोधनाला निघालेल्या चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेवरच्या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की हा जीव बाटलीतच जन्मतो: चिखल टिकवायला ओतलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट खाली बसतं, तोच हा आद्य जीव. हक्सलींनी ते मोकळेपणाने मान्य केलं. एवढ्या मोठ्या माणसाला साका चकवतो, तिथे माझं काय!

चाळणी तर घरभेदीच. मागच्या मातीतलं एखादं कवच भोकात दडून बसतं आणि पुढच्या मातीत साळसूदपणे प्रकट होतं. म्हणून जाणकार मंडळी प्रत्येक धुण्याआधी चाळणी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुचकळतात. निळा दिसला तो मागच्या खेपेचा. ही युक्ती अफलातून आहे, फक्त तिच्यात बोटंही निळी होतात. खिडकीतून येणाऱ्या परागकणांवर मात्र इलाज नाही. १८६४ साली फ्रान्समध्ये ऑर्गेल इथे पडलेल्या उल्केत १९६१ साली ‘सजीव रचना’ सापडल्याचा गाजावाजा झाला होता. त्यातली एक ठसठशीत रचना रॅगवीड या तणाचा परागकण निघाली.

समजा, या सगळ्यातून एखादा नमुना तरला. निळा नाही, जळत नाही, चालत नाही, पोटात गाळ आहे. म्हणजे खरा जीवाश्म. तरी सुटका नाही! नद्या जुने खडक झिजवतात आणि त्यांतले जीवाश्म उचलून कितीतरी नंतरच्या मातीत आणून टाकतात. तेव्हा हा खरा, पण इथला नव्हे. ज्या मातीत सापडला तिच्यापेक्षा कोट्यवधी वर्षांनी थोरला असू शकतो. ते ओळखायचं कसं? शेजारच्या कवचांपेक्षा हा जास्त झिजलाय का, जास्त विटलाय का, ते पाहायचं. म्हणजे इतका वेळ मी ज्याच्या टवक्यांवर विश्वास टाकून बसलो होतो, त्याच्याकडे आता त्या टवक्यांचाच जाब मागायचा.