‘झे. मांजरेकर’ म्हणजे कुठे उभे असलेले मांजरेकर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेत वय तुम्हीच सांगितलंत, म्हणून काका म्हणतो. राग नसावा. तुमचा राग तर प्रतिक्रियेत आलेलाच आहे!

मूळ लेख न वाचता इथे आलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. विजय मांजरेकरांच्या नावावर कसोटीत १९ झेल आणि २ यष्टिचीत आहेत. त्या १९ पैकी ग्लोव्हज घालून, म्हणजे यष्टिरक्षक म्हणून, किती आणि साध्या हातांनी किती, याची विभागणी मी गेल्या लेखात एका तक्त्यात मांडली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत की, एवढ्या मोठ्या फलंदाजाचे झेल सोलत बसण्यात काय हशील? छापून आलेले, पुस्तकांत गेलेले आकडे बदलणारे तुम्ही कोण? आणि ज्या वर्तमानपत्रांवर तुमची सगळी मदार, त्यांचे वार्ताहर चहाच्या वेळी एकमेकांच्या वह्यांत डोकावून मजकूर भरायचे, हे मी ब्रेबॉर्नवर डोळ्यांनी पाहिलंय. जाता जाता एक वाक्य आणखी टाकलंत: “कीपरचं बोट सुजलं की तासभर कुणीही पॅड बांधून उभं राहायचं, ते स्कोअरबुकात कुठून येणार?” या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडवली. त्याकडे येतोच.

मांजरेकरांचं काही कमी होत नाही, काका. ५५ कसोटी, ३२०८ धावा, आणि त्या ज्या सफाईनं केल्या ते तुम्ही पाहिलंय, मी नाही. १९ झेल १९च राहणार. प्रश्न एवढाच आहे की ते घेताना माणूस कुठे उभा होता. धावफलक हे सांगतच नाही. यष्टिचीतचं सोपं असतं, तो बळी फक्त यष्टिरक्षकच मिळवू शकतो. मद्रासला १९५२ साली आपण पहिली कसोटी जिंकलो, त्यात मांकडांनी पहिल्या डावात ८ बळी घेतले आणि त्यातले चार ‘यष्टि. सेन गो. मांकड’ असे आहेत, म्हणजे यष्टिचीत करणारा सेन, गोलंदाज मांकड. १९८८ साली त्याच चेपॉकवर लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणीच्या पदार्पणात किरण मोरेंनी सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केलं. तिथे शंकेला जागाच नाही. मांजरेकरांचे ते दोन यष्टिचीतही तसेच. ते ग्लोव्हज घालून उभे राहिले होते, याची पावती आहे ती. झेलाला मात्र अशी पावती नसते. ‘झे. नवले गो. नायडू ७९’ असं १९३२ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडचा कर्णधार जार्डिनच्या नावापुढे वाचलं की आपण बिनदिक्कत यष्टीमागचा झेल समजतो, कारण जनार्दन नवले आपले पहिले कसोटी यष्टिरक्षक. ‘झे. मांजरेकर’ वाचल्यावर काय समजायचं? स्लिप? कव्हर? की यष्टीमागे?

धावफलकात यष्टिरक्षकाच्या नावापुढे खंजिराची खूण (†) असते, तिच्यावर तरी विसंबावं, तर १८८४ ची ओव्हल कसोटी आडवी येते. ती माझी फार लाडकी आहे. ऑस्ट्रेलियानं ५५१ ठोकल्या, मर्डोकच्या एकट्याच्या २११. इंग्लंडच्या अकराच्या अकरा जणांनी गोलंदाजी केली, यष्टिरक्षक आल्फ्रेड लिटल्टनसुद्धा. त्यानं हाताखालून लॉब, म्हणजे उंच, संथ चेंडू टाकले आणि १९ धावांत ४ बळी नेले. सगळ्या संघात सर्वांत चांगली आकडेवारी त्याची! तेवढा वेळ ग्लोव्हज कुणी घातले? डब्ल्यू. जी. ग्रेसनं. मिडविंटरचा झेल ग्रेसनं यष्टीमागे घेतला, गोलंदाज लिटल्टन. म्हणजे त्याच डावात ‘झे. लिटल्टन गो. बार्न्स’ हा यष्टीमागचा झेल आहे, आणि ‘झे. ग्रेस गो. लिटल्टन’ हाही यष्टीमागचाच. खंजीर मात्र लिटल्टनच्या नावापुढे. ग्रेसच्या खाती कसोटीत ३९ झेल आहेत आणि यष्टिचीत शून्य. नुसते हे आकडे पाहून कुणाला वाटेल का, की हा दाढीवाला कधी यष्टीमागे वाकला असेल? ते कळतं, कारण त्या दिवसाचं वर्णन कुणीतरी लिहून ठेवलं.

आपल्याकडचे भाऊसाहेब निंबाळकर घ्या. पुण्यात १९४८ साली काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, हे सगळ्यांना पाठ. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या नोंदीत गोलंदाज म्हणून घेतलेले बळीही आहेत आणि यष्टिचीतही. असा माणूस एका सामन्यात नवा चेंडू टाकणार आणि दुसऱ्या सामन्यात पॅड बांधणार. त्यांच्या झेलांची बेरीज एका ओळीत लिहिणं म्हणजे दोन खात्यांचे पैसे एका पाकिटात कोंबणं झालं.

आजच्या खेळाडूंची अशी विभागणी होते आणि त्याबद्दल कुणाचा जीव दुखावत नाही. संगकाराच्या कसोटीतल्या १८२ झेलांपैकी १३१ यष्टीमागचे, हे चुटकीसरशी सांगता येतं. द्रविडचे २१० झेल हा यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूचा विक्रम म्हणून आपण २०२५ मध्ये जो रूटनं तो मोडेपर्यंत मिरवत होतो, तेव्हा हीच विभागणी गृहीत धरलेली होती. २०११ साली लॉर्ड्सवर धोनीनं ग्लोव्हज द्रविडकडे दिले आणि स्वतः चेंडू हातात घेतला. पीटरसनला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलंही होतं. रिव्ह्यूमध्ये तो वाचला आणि नाबाद २०२ करून गेला. पंचांचा निर्णय टिकला असता, तर द्रविडच्या आकड्यालाही तळटीप लावावी लागली असती.

आता ‘अधिकृत आकडे’. हा शब्द वाटतो तेवढा भक्कम नाही. ‘प्रथम श्रेणी’ कशाला म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्या झाली १९४७ साली, आणि मागच्या सामन्यांना ती लागू केली नव्हती. त्यामुळे इंग्लंडच्या जॅक हॉब्जची प्रथम श्रेणीतली शतकं कुणी १९७ छापतो, कुणी १९९. त्या वादातली दोन शतकं १९३०-३१ च्या मोसमातली आहेत, विझियानगरमच्या महाराजकुमारांच्या संघाकडून आपल्या भागात खेळताना केलेली. ग्रेसची १२६ की १२४, हे भांडण त्याहून जुनं. दोन्ही आकडे पुस्तकांत आहेत. पुस्तकात गेलं म्हणून खरं ठरत असेल, तर दोन्ही खरे मानावे लागतील.

वर्तमानपत्रांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, आणि तुम्हाला वाटतं त्याहूनही जास्त बरोबर आहे. सुरुवातीला तीन दैनिकांत एकच गोष्ट सापडली की मी खूश व्हायचो, तीन साक्षीदार मिळाले म्हणून. मग एकदा तिन्हींत एकाच गोलंदाजाच्या नावाचं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं दिसलं. तिघांनी वृत्तसंस्थेची तीच तार छापली होती. साक्षीदार एक, छापखाने तीन. तेव्हापासून आधी चुका जुळतात का ते पाहतो. चुका वेगळ्या असल्या की जिवात जीव येतो, कारण मग माणसं वेगळी.

दुसरं म्हणजे शब्द. जुन्या इंग्रजी वृत्तांतात ‘कॉट ॲट द विकेट’ असं आलं की तो यष्टिरक्षकाचा झेल. या तीन-चार शब्दांसाठी मी अख्खा स्तंभ चाळतो. पण सगळ्यात भरवशाची असते ती वार्ताहराच्या तोंडून सहज निसटलेली माहिती: उपाहारानंतर अमका बोटाला पट्टी बांधून बाहेर बसला, त्याच्या जागी तमका उभा राहिला. तिथे त्याला काही सिद्ध करायचं नसतं, नुसती जागा भरायची असते. तुमच्या त्या वह्यांत डोकावणाऱ्या मंडळींनी आकडे एकमेकांचे उचलले असतील. सुजलेलं बोट कशाला कोण उचलेल?

आणि इथेच तुमचं ते वाक्य मला लागलं. तक्ता करताना मी काय केलं होतं, सांगतो. ज्या सामन्यात मांजरेकर यष्टीमागे उभे राहिल्याचा पुरावा मिळाला, त्या सामन्यातले त्यांचे सगळे झेल सरळ यष्टिरक्षकाच्या रकान्यात टाकले. आणि जिथे खंजीर दुसऱ्याच्या नावापुढे होता, तिथले सगळे क्षेत्ररक्षकाच्या. म्हणजे ज्या खुणेवर विसंबू नका म्हणून आठ परिच्छेद लिहिले, तिच्याच जोरावर बेरीज केली. ग्रेसचं उदाहरण देणाऱ्यानं ही चूक करावी, याला काय म्हणावं! तो तक्ता आज सकाळी मी लेखातून काढलाय. नवा करीन तेव्हा एकेका झेलाची वेगळी ओळ असेल, आणि जिथे वर्णन मिळत नाही तिथे रकाना कोरा राहील. लेखाच्या वर तसं लिहिलंय. ‘एका वाचकाच्या प्रतिक्रियेवरून’ असंही. नाव घालायचं असेल तर सांगा.

एक गंमत राहिली. ग्रंथालयात बांधीव फायली पाहताना क्रीडापानं नेमकी धावफलकाच्या जागी चौकोनी कापलेली सापडतात. ब्लेडनं, अगदी रेघ मारल्यासारखी. कागद इतका जून असतो की पान उलटताना कडेनं भुगा पडतो, पण ती चौकट मात्र शाबूत. आजूबाजूला सोन्याचे भाव, नाटकाच्या जाहिराती सगळं जागेवर, आणि मला हवा असलेला डाव गायब. मी त्या अनोळखी माणसाला खूप शिव्या घातल्यात.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी आहे की, तुमच्या थोरल्या भावांनी १९५० पासूनची कात्रणं चिकटवलेल्या सात वह्या घरी आहेत. ब्लेड त्यांचंच होतं असं मी म्हणत नाही. पण पुढच्या रविवारी दुपारी तुम्ही घरी असाल, तर येऊ का? वह्या माळ्यावर असतील तर तुम्ही चढू नका. मी आलो की काढू.