'कॅमेरा इनिट फेल्ड'वरचे ते पाच रामबाण उपाय

ईएसपी३२-कॅम या वायफाय आणि कॅमेरा असलेल्या छोट्या बोर्डाबद्दल एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. "कॅमेरा इनिट फेल्ड आलं तर घाबरू नका" अशी सुरुवात (म्हणजे कॅमेरा सुरूच झाला नाही, ही तक्रार) आणि खाली पाच उपाय. ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारी सोय) बंद करा. तरी नाही चाललं तर ५ व्होल्टची वायर सरळ ३.३ च्या पिनला द्या. रिझोल्यूशन कमी करा. कॅमेऱ्याची पट्टी काढून परत बसवा. एवढं करून नाही झालं तर कॅमेरा जळालाय, नवा घ्या. एररच्या पुढे आकडा कोणता आलाय ते बघा, हे मात्र एकाही ओळीत नाही! माझ्या भाचीने हा मेसेज वाचून दुसऱ्या उपायासाठी वायर सोलून ठेवली होती, म्हणून हे लिहायला बसले.

आधी तो दुसरा उपायच घेते, कारण त्याने बोर्ड कायमचा जातो. बोर्डावरच्या ईएसपी३२ चिपच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) पुरवठ्याची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट दिली आहे. बोर्डावर ५ व्होल्टच्या पिनमागे एएमएस१११७ रेग्युलेटर बसवलेला असतो, तो ५ चे ३.३ करतो. ३.३ ची पिन या रेग्युलेटरच्या पलीकडे आहे. तिथे ५ व्होल्ट दिले की मध्ये अडवणारं काहीच उरत नाही. चिप, फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) आणि पीएसरॅम (फोटोंसाठी लागणारी जादा मेमरी) या सगळ्यांवर थेट ५ व्होल्ट. कॅमेरा सुरू होत नाही म्हणून चालता बोर्ड मारायचा, असला हा उपाय. (उलटं करणारेही आहेत. ५ च्या पिनला ३.३ दिले तर रेग्युलेटर स्वतःच साधारण एक व्होल्ट खातो आणि पुढे दोन-सव्वादोन व्होल्ट जेमतेम पोचतात. त्याने बोर्ड जळत नाही, पण चालतही नाही.)

आता ब्राउनआउट. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरळसरळ गल्लत केली आहे. व्होल्टेज खाली गेलं की चिप "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" असं छापते आणि रीसेट होते. "कॅमेरा इनिट फेल्ड" ही ओळ मात्र चिप चालू असताना, ड्रायव्हरने (कॅमेरा चालवणाऱ्या कोडने) हात टेकल्यावर छापली जाते. सिरियल मॉनिटरवर (बोर्ड काय छापतो ते संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) ब्राउनआउटची ओळ दिसतच नसेल तर बंद काय करताय? आणि दिसत असेल, तर डिटेक्टर बंद केल्याने व्होल्टेज वाढतं का? चिप त्याच अपुऱ्या व्होल्टेजवर रेटत राहते, वायफाय मध्येच तुटतं, फ्लॅशमध्ये लिहिताना डेटा बिघडू शकतो, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे (फोटो टिपणाऱ्या चिपचे) रेग्युलेटर त्याच ३.३ वर अवलंबून असल्याने तोही अर्धपोटी राहतो. डिटेक्टर बंद करणारी ओळ बऱ्याच नमुना कोडमध्ये असते, पण म्हणून ती दुरुस्ती ठरत नाही.

यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करते: पुरवठा कमी पडणं हे अनेकदा मूळ दुखणं असतं. डेटाशीट किमान ५०० मिलिअँपची सोय मागतं, आणि वायफाय व कॅमेरा एकदम उठतात तेव्हा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या (बोर्ड संगणकाला जोडणाऱ्या अडॅप्टरच्या) बारीक, लांब वायरी ते झेपवत नाहीत. मग ५ च्या पिनला वेगळा, दमदार ५ व्होल्टचा पुरवठा द्या, वायरी आखूड आणि जाड घ्या, ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेवा. डिटेक्टरला हात लावायची गरज नाही.

रिझोल्यूशनचा मुद्दा, ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या ड्रायव्हरचा कोड उघडला की निकालात निघतो. ड्रायव्हर आधी क्लॉक (सेन्सरला ताल देणारा सिग्नल) सुरू करतो, मग सेन्सरच्या पत्त्यावर हाक मारतो आणि ओ आली तरच फ्रेम बफरसाठी (फोटो ठेवायच्या जागेसाठी) मेमरी मागतो. एररच्या पुढे ०एक्स१०५ हा आकडा म्हणजे ओ आलीच नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये हाच एरर ०एक्स२०००१ म्हणून येतो. फोटो केवढा काढायचा, हा प्रश्न तोवर उद्भवलेलाच नसतो! रिझोल्यूशनचा संबंध येतो तो "फ्रेम बफर मॅलॉक फेल्ड" आणि पाठोपाठ एररच्या आकड्यात ओळीने आठ एफ दिसले तर. त्याबद्दल ड्रायव्हरच्या रीडमीमध्ये स्पष्ट लिहिलंय की जेपेगमध्ये सीआयएफ किंवा त्याहून लहान फोटो सोडले तर पीएसरॅम हवीच, आणि ती चालूही केलेली हवी. सीआयएफ म्हणजे इथे ४०० बाय २९६. तेव्हा आधी बोर्डाच्या सेटिंगमध्ये पीएसरॅम चालू आहे का ते बघा.

या मेसेजने ज्याचं नावही घेतलेलं नाही, ते कारण म्हणजे कोडमध्ये चुकीचं कॅमेरा मॉडेल निवडलेलं असणं. आर्डुइनोच्या कॅमेरा-वेबसर्व्हर उदाहरणात मॉडेलांची यादी असते आणि आपल्या बोर्डाची ओळ आपणच उघडायची असते. समजा बोर्ड एआय-थिंकरचा आहे आणि निवड राहिली रोव्हर-किट या दुसऱ्या बोर्डाची. हाक मारायच्या दोन्ही पिना, २६ आणि २७, दोन्हीकडे सारख्याच आहेत. क्लॉकची पिन मात्र एआय-थिंकरला ० आहे आणि रोव्हर-किटला २१. पॉवर-डाउनची (सेन्सर झोपवायची) पिन एकाला ३२, दुसऱ्याला नाहीच. म्हणजे ड्रायव्हर बरोबर दारात हाक मारतोय, पण क्लॉक २१ वर सोडतोय आणि सेन्सर ० वर त्याची वाट बघतोय. ओव्ही२६४०, म्हणजे या बोर्डाचा नेहमीचा सेन्सर, क्लॉकशिवाय बोलत नाही. पुन्हा ०एक्स१०५, आणि मेसेज म्हणतो नवा कॅमेरा घ्या.

पट्टी परत बसवण्याचा उपाय ठीक आहे, त्याने खरंच काम होतं. पण पुरवठा काढून मगच करा. काळी खिट्टी उचला, पट्टी सरळ आणि शेवटपर्यंत आत सरकवा, मग खिट्टी दाबा. चालू बोर्डावर पट्टी ओढू नका, हे मेसेजमध्ये लिहायला हवं होतं.

राहिला जळालेला कॅमेरा. ०एक्स१०६ आला असेल तर त्या पत्त्यावर सेन्सर सापडला आहे, फक्त त्याची ओळख ड्रायव्हरला पटलेली नाही. तो मेलेला नाही. ०एक्स१०५ असेल तर मॉडेल, पुरवठा आणि पट्टी तपासून झाल्यावर तोच कॅमेरा दुसऱ्या चालत्या बोर्डावर लावा, किंवा चालता कॅमेरा याच बोर्डावर. कॅमेरा गेलाय की बोर्ड, हे तेवढ्यानेच कळतं. त्याआधी काहीही फेकू नका.