‘पिशवीला सूज’वाला फॉरवर्ड

माहेरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, "मूल न होण्याचं खरं कारण पिशवीची सूज, सोनोग्राफीत लगेच कळते, 21 दिवस हळदीचा काढा घ्या नाहीतर पिशवी साफ करून घ्या, गॅरंटी." मी लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड बनवते, त्यामुळे गप्प बसवेना.

सोनोग्राफीत कळते म्हणे. अहो रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं असतं, त्याची घरी येईपर्यंत ‘सूज’ होते. बल्की म्हणजे आकाराने मोठी, फायब्रॉइड म्हणजे साधी गाठ असेल, अ‍ॅडेनोमायोसिस म्हणजे अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं असेल, बाळंतपणं झालेली पिशवी तशीही थोडी मोठीच असते. पिशवीच्या आतल्या अस्तराची जुनी सूज, म्हणजे क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, हे प्रकरणच वेगळं, बऱ्याचदा काही दुखतखुपत नाही आणि सोनोग्राफीवरून ती ठरवता येत नाही. अस्तराचा तुकडा काढावा लागतो, आमच्याकडे येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत, तांदळाच्या कण्या तरंगाव्यात तसा, आणि त्यात प्लाझ्मा सेल, म्हणजे जुन्या सुजेत दिसणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, शोधायच्या. नेहमीच्या डायवर त्या हुकतात म्हणून सीडी 138 चा, म्हणजे त्या पेशींवरचं खास प्रथिन रंगवणारा, स्टेन करतात, मग चॉकलेटी कडा उठून दिसतात. पण किती दिसल्या की आजार म्हणायचा, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, कारण मुलं झालेल्या बायकांतही एखाददुसरी सापडतेच.

तेव्हा ‘खरं कारण’ वगैरे सोडा. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा आयव्हीएफमध्ये गर्भ रुजतच नाहीये अशा बायकांत ही सूज जास्त सापडते, एवढं खरंय. बाकी कारणांत बंद बीजनलिका आहेत, पीसीओएस म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोन्सचा त्रास आहे, आणि नवऱ्याची टेस्ट आहे, जी करायला महाशय वर्षभर "बघू" म्हणतात.

काढ्याचं काय, हळद भाजीत घाला. सूज बहुतेकदा ई. कोलायसारख्या बॅक्टेरियामुळे, साधारण डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दोन वेळा, 14 दिवस देतात. सूज बऱ्याच जणींची जाते, पण त्याने मूल होतंच याचा पुरावा अजून तोकडाच आहे. आणि म्हणून मेडिकलमधून आपणच आणून खाऊ नका, आपल्याकडे गर्भाशयाचा टीबीही असतो, त्याला निदान सहा महिन्यांचा कोर्स लागतो, 14 दिवसांत तो जात नाही.

सगळ्यात राग येतो तो ‘साफ करून घ्या’चा. पिशवी म्हणजे काय पाण्याची टाकी आहे? परत परत क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, केलं की अस्तराचा खालचा थर खरवडला जातो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, पाळी कमी होते किंवा बंदच, आणि मग गर्भ रुजायला जागाच उरत नाही.