‘कर्नलनंच हार्डवेअर शोधावं’ म्हणणाऱ्यांसाठी

सातपूर-अंबडच्या ऑटोमेशनवाल्यांत आणि नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: पीसीवर लिनक्स टाकलं की सगळं आपोआप ओळखतं, एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर मात्र डिव्हाइस ट्री, म्हणजे कोणतं हार्डवेअर कुठे जोडलंय याची कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) द्यायची यादी, लिहीत बसा. हे झंझट अलीकडचं, जुन्या बोर्ड फाइलीच बऱ्या होत्या. आणि शेवटी ही साधी कॉन्फिग फाइल, चुकली तर फार तर बोर्ड बूट होणार नाही.

‘पीसी आपोआप ओळखतो.’ हो, पण जे स्वतःची ओळख सांगतं तेवढंच. पीसीआय कार्डाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमधल्या पहिल्या चार बाइटांत उत्पादक आणि मॉडेल यांचे क्रमांक असतात. यूएसबीचंही साधारण तसंच. सेन्सरसारख्या चिपा जोडायची दोन तारांची बस म्हणजे आयटूसी, तिच्यावर ही सोय नाही. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत डाउनी रोगावर नजर ठेवायला हवामान केंद्रं लावतात, तसल्या एखाद्या बोर्डवर बीएमई२८० हा हवामानाचा सेन्सर आहे असं धरा. त्याचा पत्ता हेक्समध्ये ७६, एसडीओ पिन वर ओढली तर ७७. गंमत अशी की हवेचा दाब मोजणाऱ्या एमएस५६११ चेही नेमके हेच दोन पत्ते. ७६ वरून होकार आला म्हणजे दाराआड कुणीतरी आहे एवढंच कळलं. ‘मग आयडी वाचा की!’ बीएमई२८० च्या डी० रजिस्टरमध्ये ६० मिळतो, खरंय. पण डी० मध्येच बघायचं हे समोर कोणती चिप आहे ते माहीत असल्याशिवाय कसं ठरवणार? तोच बाइट दुसऱ्या चिपला कमांड वाटू शकतो. बसवरचे पत्ते चाचपणारं आयटूसीडिटेक्ट चालवलं की बसमध्ये गोंधळ होऊ शकतो, डेटा जाऊ शकतो, असा इशारा उगाच येत नाही. म्हणून कुणीतरी लिहून द्यायचं: या बसवर, या पत्त्यावर, ‘बॉश,बीएमई२८०’. डिव्हाइस ट्रीमधला तीन-चार ओळींचा नोड, म्हणजे नोंद. नोडच्या ‘कम्पॅटिबल’ या ओळीतला हा मजकूर ड्रायव्हरच्या यादीशी जुळला की ड्रायव्हरचा प्रोब (चिप सुरू करणारं फंक्शन) चालतो.

आणि पीसीला कुणी काही लिहून देत नाही, हेही खोटं. लॅपटॉपचा टचपॅड आयटूसीवर असेल तर तो कुठे आहे ते एसीपीआय या फर्मवेअर-मानकाच्या टेबलांत असतं. ती टेबलं उत्पादक फर्मवेअरमध्ये भरून देतो, त्यामुळे आपल्याला कष्ट दिसत नाहीत, इतकंच.

‘अलीकडचं झंझट’ हा मुद्दा तर दोन ओळींतच संपतो. डिव्हाइस ट्रीची कल्पना ओपन फर्मवेअर या बूट करणाऱ्या फर्मवेअरमधून आली. त्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ चं. सन कंपनीची मशिनं आणि पॉवरपीसीवाले मॅक ते वापरत. आज फ्रीबीएसडी आणि झेफर या ऑपरेटिंग सिस्टिमही डिव्हाइस ट्री वापरतात.

बोर्ड फाइलींची आठवण काढणाऱ्यांनी बहुधा त्या सांभाळल्या नसाव्यात. दर बोर्डमागे सी कोड, तोही कर्नलच्या आत. एक पिन बदलली तरी कर्नल पुन्हा कंपाइल. या पसाऱ्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हॉल्ड्स २०११ मध्ये जाहीरपणे भडकले आणि त्यानंतर एआरएमची गाडी डिव्हाइस ट्रीकडे वळली. आता एकच आर्म६४ (६४-बिट एआरएम) कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर चालतो. बूटलोडर फक्त ज्या त्या बोर्डचा डीटीबी (कंपाइल केलेला डिव्हाइस ट्री) कर्नलच्या हाती देतो.

मेसेजमधली एक कुरकुर मात्र रास्त आहे: चूक बोलत नाही. कम्पॅटिबलमध्ये स्पेलिंग चुकलं तरी डीटीसी हा डिव्हाइस ट्रीचा कंपाइलर निमूट कंपाइल करतो, कर्नलही गप्प, सेन्सर मात्र गायब. नोडचं स्टेटस ‘डिसेबल्ड’ राहिलं तरी तेच. रास्पबेरी पायवर आयटूसी चालू करायला विसरलेली पोरं नवा सेन्सर मागवतात ती यामुळेच. यावर उपाय आहेत. मेनलाइन (मूळ) कर्नलमधल्या बाइंडिंगच्या, म्हणजे नोड कसा लिहायचा त्या नियमांच्या, याम्ल स्कीमांशी डीटीबीएस-चेक करून घ्या, आणि प्रोकखालच्या डिव्हाइस-ट्री फोल्डरमध्ये कर्नलला खरंच काय मिळालंय ते बघा.

‘फार तर बूट होणार नाही’ हे सर्वांत घातक. चिपांना व्होल्टेज पुरवणाऱ्या रेग्युलेटरच्या नोडमध्ये व्होल्टेजच्या मर्यादा मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात. किमान-कमाल दोन्हीकडे १८००००० ऐवजी ३३००००० पडलं, तर कर्नल तेच प्रमाण मानतो. पॉवर चिपला जमत असेल तर ती १.८ व्होल्टच्या रेलवर (पुरवठ्याच्या लाइनवर) ३.३ सोडते, आणि त्यावरच्या चिपा जळू शकतात. व्हेंडरची डीटीएस (डिव्हाइस ट्रीची मूळ फाइल) उचलून आपल्या बोर्डला लावताना निदान हे आकडे तरी स्कीमॅटिकशी (सर्किटच्या आराखड्याशी) ताडून घ्या.