‘हमिंगबर्ड आलाच नाही, शुद्ध फसवणूक’ या अभिप्रायाला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

आधी माफी मागतो. आपण दोनदा फोन केलात आणि आमच्याकडून उलट फोन आला नाही. दसऱ्याच्या झेंडूची धावपळ होती, पण चूक ती चूकच. रसेलियाची (लाल फुलांच्या झुडपाची) एक कुंडी तडकलेली पोचली असं आपण लिहिलं आहे, ती बदलून देतो.

आता बाकीच्याबद्दल. आपण एक स्टार देऊन लिहिलंत की, ‘हमिंगबर्ड येईल म्हणून १,२९० रुपये उकळले. हमिंगबर्ड नाहीच, एक मळकट पिवळी चिमणी येते. वर झाडांवर कोळ्यांची जाळी. शुद्ध फसवणूक.’ मॅडम, हा शेवटचा शब्द फार लागला. वडिलांनी गुलाबाच्या कलमांवर सुरू केलेली ही नर्सरी आहे. रोप मेलं म्हणून लोक भांडले आहेत, भाव जास्त वाटला म्हणून परत गेले आहेत, पण फसवलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

विसर्जनानंतरच्या रविवारी आपण आलात, तेव्हा मी स्वतः पाइप धरून पाणी घालत होतो. आपण मोबाइलवर व्हिडिओ दाखवलात. लाल बाटलीभोवती हवेत एका जागी थांबून रस पिणारे पक्षी होते, आणि ‘असे आमच्या टेरेसवर हवेत’ म्हणालात. मी तिथेच सांगितलं की हे हमिंगबर्ड, हे फक्त अमेरिका खंडात. उत्तरेला अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्यांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत, पण आपल्याकडे रानात एकही नाही. पुण्यात येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. त्यावर आपण म्हणालात, ‘तेच हो, आम्ही त्यालाच हमिंगबर्ड म्हणतो.’ आपले यजमान शेजारीच होते, त्यांनाही आठवत असेल. पुष्कळ लोक तसं म्हणतात म्हणून मी पुढे वाद घातला नाही. घालायला हवा होता.

हॅमेलियाच्या कुंडीवर ‘हमिंगबर्ड बुश’ असं छापील लेबल होतं, हे मात्र खरं. झाड मूळचं अमेरिकेकडचं, तिकडे त्याच्यावर हमिंगबर्ड येतात, म्हणून बाजारात ते नाव पडलं. इथे त्याच केशरी नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो. ते लेबल आम्ही तसंच राहू दिलं, हे चुकलं. लेबलं बदलायला घेतली आहेत, दिवाळीनंतर आणखीही काही सुधारणा करतो आहोत.

पण मॅडम, आपण तक्रारीसोबत जो फोटो टाकला आहे तो मी मोबाइलवर मोठा करून करून पाहिला, आणि मला राहवलं नाही म्हणून इतकं लिहितो आहे. ती चिमणी नाही. चिमणीची चोच जाड, दाणे फोडायची. या पक्ष्याची चोच बारीक, लांब आणि टोकाकडे खाली वळलेली आहे. अंगाने चिमणीपेक्षा लहान, पोट पिवळं, आणि हनुवटीपासून छातीवर उतरणारी एक काळी रेघ. ही रेघ मादीला नसते. आपल्याकडे येतो आहे तो जांभळा शिंजीर, नर. विणीचा काळ संपला की हा नर आपला झळाळता निळा-जांभळा पेहराव उतरवतो आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत साधारण मादीसारखाच पिवळट दिसतो. फक्त ती रेघ राहते. संक्रांतीच्या सुमारास रंग परत चढायला लागतो आणि होळीपर्यंत उन्हात बघवणार नाही इतका चमकतो. ज्या पक्ष्यासाठी आपण झाडं नेलीत, तोच जेमतेम चार आठवड्यांत आपल्या कुंडीवर येऊन बसला आहे, आणि त्याच फोटोखाली मला फसवा म्हटलं आहे. काही गिऱ्हाइकांकडे तो यायला सहा-सहा महिने लागलेत.

आपण लिहिलंत की तो ‘हवेत थांबत नाही, फांदीला चिकटून बसतो’. शिंजिराची रीतच ती. क्वचित क्षणभर पंख फडफडवत थांबतो, पण रस प्यायला त्याला बसायला काडी लागते. आणि मी आपल्याला मोठ्या डबल पाकळ्यांच्या जास्वंदीऐवजी मिरची जास्वंद दिली, त्यालाही कारण आहे. डबल फुलात पाकळ्यांच्या गर्दीतून त्याची चोच रसापर्यंत नीट पोचत नाही. साधी जास्वंद असेल तर तो कधी कधी समोरून येतच नाही, फुलाच्या देठाशी बारीक भोक पाडून तिथूनच रस ओढतो. आपल्या फुलांच्या बुडाशी अशी टोचल्याची खूण आहे का, सकाळी बघा. धायटी आपल्याला महाग वाटली, २२० रुपये. ती आपल्या डोंगरातली आहे, रोपं सहज मिळत नाहीत, आणि जानेवारीपासून तिला लाल फुलं लागली की बाकी झाडांकडे तो ढुंकून बघणार नाही.

फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाण्याची बाटली, दिला नाही ही तक्रारही वाचली. माझ्याकडे विकायला असता तर चार पैसे मलाच मिळाले असते. पण आपल्या उन्हात साखरेचं पाणी दिवसा-दोन दिवसांत आंबतं, बाटली रोज घासावी लागते, मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. आंबलेलं पाणी पिऊन पक्षी आजारी पडतो. लाल रंग तर त्यात घालूच नये. फुलं असताना बाटली कशाला, म्हणून मी ठेवत नाही.

आणि कोळी. मॅडम, हात जोडून सांगतो, काही फवारू नका. शिंजिराच्या पिल्लांचं पोट नुसत्या मधुरसावर भरत नाही, त्यांना कोळी आणि बारीक किडे भरवले जातात. घरटंही कोळ्याच्या जाळ्यानेच विणलं जातं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेडमधल्या ठिबकच्या लोंबत्या नळीवर मादीने घरटं बांधलं. लांबट थैलीसारखं, बाजूला तोंड, तोंडावर छोटं छप्पर. सुकं गवत, झाडाची साल, अळ्यांची विष्ठा, खताच्या गोणीचा पांढरा दोरा, आणि आमच्याच एका लेबलाचा निळा कपटा, सगळं जाळ्याने चिकटवलेलं. दोन अंडी होती. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या नळीत आम्ही पाणी सोडलं नाही, त्या रांगेला आमच्या कामाच्या मावशींनी बादलीने पाणी घातलं. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर तेवढी फांदी साबणाच्या पाण्याने पुसा, बास.

१,२९० रुपयांत सहा रोपं आणि कुंडीत भरायच्या माती-खताच्या मिश्रणाच्या दोन पिशव्या होत्या. रोपांचे ९७०, पिशव्यांचे ३२०. घरपोच द्यायचे पैसे घेतले नाहीत, टेम्पोवाल्याला मी दिले. हे बोलून दाखवायला बरं वाटत नाही, पण ‘उकळले’ म्हटल्यावर सांगावं लागतं. आपला अभिप्राय सर्वांत वर दिसतो. मागच्या आठवड्यात दोन सोसायट्यांनी दिवाळीच्या कुंड्यांची ऑर्डर थांबवली, एकांनी तर ‘तुमच्याबद्दल वाचलं’ असंच सांगितलं. आमच्याकडे चार माणसं कामाला आहेत, त्यांचा दिवाळीचा बोनस याच महिन्यात निघतो.

कुंडी बदलायला मी स्वतः येतो. मंगळवारी आम्ही बंद असतो, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी आठच्या आत आलो तर तो झाडावरच सापडेल. माझ्याकडे दुर्बीण आहे, घेऊन येतो. गळ्यावरची रेघ आपण स्वतः बघा, यजमानांनाही दाखवा. त्यानंतरही पैसे परत हवे असतील तर पूर्ण १,२९० देतो आणि झाडंही आपल्याकडेच राहू द्या, आता ती हलवली तर तो येणार नाही. फक्त ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला,
नर्सरीचालक